माईंचा हेल

बोलता न येणारी माणसं गप्प असतात अशी तुमची समजूत असेल, तर ती आधी काढून टाका. बडोद्याच्या सरकारी इस्पितळातल्या एका खोलीत मी उभी हयात घालवली. एका बाजूला फिजिओथेरपी, दुसऱ्या बाजूला मोडक्या स्ट्रेचरांची अडगळ, आणि मध्ये मी. शांतता म्हणून मला त्या खोलीत कधी लाभली नाही.

मी स्पीच थेरपिस्ट. म्हणजे तोतऱ्या मुलांना बोलायला शिकवणारी बाई, असं माझ्या सासरच्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवलं. आजही लग्नकार्यात कुणी ना कुणी नातवाला पुढे ढकलतं, ह्याला 'र' म्हणता येत नाही, बघ ना जरा. माझ्या हातात जिलबीची ताटली असते. मीही बघते. 'र' येतो हो, सगळ्यांना येतो, थोडा धीर धरावा लागतो. पण माझं खरं काम वेगळंच होतं. मेंदूला झटका येऊन ज्यांचं बोलणं गेलं, ती मोठी माणसं. आणि त्यातलीही एक जात अशी, की जिच्याबद्दल बाहेरच्यांना सांगितलं तर मी थापा मारते असं वाटावं.

पाणीगेटच्या बाजारात भाजी विकणारी एक बाई होती. झटका आला, उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. नाव विचारलं की बिचारी ओठ जुळवायची, जीभ तोंडात चाचपडायची, घामाघूम व्हायची, पण नाव काही निघायचं नाही. आणि सकाळी वॉर्डात उजाडलं रे उजाडलं की तीच बाई पडल्या पडल्या खणखणीत आवाजात ओरडायची, भींडा, रींगण, ताजी कोथमीर! अख्खा वॉर्ड ताडकन उठून बसायचा. ओरडून झालं की ती स्वतःच दचकून मान वळवून बघायची, कोण ओरडलं म्हणून. नर्सबाई तिच्या वाऱ्याला उभ्या राहायच्या नाहीत. मला म्हणायच्या, बेन, आनामां कोई छे, हिच्यात कुणीतरी आहे.

कुणी नव्हतं. तीच होती. पण हे समजून घ्यायचं तर बोलणं कसं घडतं ते थोडं ऐकावं लागेल, कंटाळू नका. लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. स्वयंपाक तयार आहे, म्हणजे शब्द डोक्यात आहेत. वाढपी धट्टेकट्टे उभे आहेत, म्हणजे जीभ, ओठ, टाळू, घसा, सगळं शाबूत. पण आधी मीठ, मग लिंबू, मग चटणी, कुणी कुठल्या रांगेत शिरायचं, हे सांगणारा जो एक माणूस असतो, तोच नेमका चक्कर येऊन पडला. मग काय होतं? वाढपी एकमेकांवर आदळतात. बोलण्याची ही आखणी करणारे भाग बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला, कानशिलाच्या वर आणि जरा पुढे असतात. नुसतं 'पाणी' म्हणायचं तरी ओठ मिटून उघडायचे, जिभेचं टोक वर वळवायचं, टाळूचा मागचा पडदा सैल सोडून थोडा आवाज नाकातून जाऊ द्यायचा, आणि हे सगळं पापणी लवायच्या आत. आखणारा आजारी पडला की माणसाला पाणी हवंय हे कळतं, पाणी हा शब्दही आठवतो, फक्त तोंडाला तो करता येत नाही.

मात्र जे बोलणं वर्षानुवर्षं घोटून घोटून गुळगुळीत झालेलं असतं, शिव्या, आकडे, 'अगं बाई', निरोपाचं 'आवजो', फेरीवालीची हाळी, त्याला एवढी आखणी लागत नाही. ते सुटतं आपलं आपण. बँकेतले एक निवृत्त साहेब माझ्यासमोर तासभर 'चहा' म्हणायला झगडले आणि हरले. मग त्यांच्या हातून कप कलंडला, तर म्हणाले, अरे, चहा सांडला! त्यांच्या बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की बघा, नाटकं करतात की नाही. साहेब रडायला लागले. मी त्या बाईंना बाहेर नेऊन असं झापलं, की त्या परत कधी सोबत आल्या नाहीत. माझा स्वभाव हा असा आहे. बदल्यांच्या वेळी मला तो नडला, पेशंटच्या वेळी कामी आला.

तर आता शैलजाबाईंकडे येते, कारण लिहायला बसले ती त्यांच्यासाठीच.

माझ्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. अरविंदराव आपल्या पत्नीला हाताला धरून घेऊन आले. हे रिफायनरीतून निवृत्त झालेले, सौम्य, इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ. शैलजाबाईंना झटका येऊन गेलेला, हातपाय बचावले होते, पण बोलणं संपलेलं. मुलंबाळं नाहीत. घरी हे दोघंच, आणि करजणला दिलेली अरविंदरावांची बहीण सुमनताई, ती येऊन-जाऊन. अरविंदराव मला म्हणाले, ताई, हिला मराठीतच शिकवा, आमच्या घरात मराठीच बोलतात. दिवसभर गुजराती आणि हिंदीत घसा कोरडा करणारी मी, मराठी पेशंट मिळाली म्हणून खूश झाले.

बाई मेहनती. आरशात बघून ओठ जुळवायच्या, टेबलावर बोटांनी ताल धरून एकेक अक्षर उचलायच्या. हळूहळू शब्द आले, मग वाक्यं. मी मनात म्हटलं, ही सुटली. आणि तेव्हाच एक दिवस अरविंदराव एकटेच आत आले आणि दार लावून घेतलं.

आदल्या दिवशी ते हॉलमध्ये खुर्चीवर पाय वर घेऊन पेपर वाचत बसले होते. स्वयंपाकघरातून आवाज आला, नळ कोणी उघडा टाकला? त्यांनी पाय खाली घेतले, पेपराची घडी घातली आणि उठून उभे राहिले. उभं राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण माईंसाठी उभे राहिलो. माई म्हणजे त्यांची आई. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती; स्वयंपाकघरात होत्या त्या शैलजाबाई. हे सांगताना सुरुवातीला ते हसत होते, नंतर हसायचे थांबले.

असं होतं, कधीमधी. फार थोड्यांना होतं. आखणी करणारा भाग बरा होतो, पण पूर्वीसारखा नाही. स्वर थोडे लांबतात, जोर भलत्या अक्षरावर पडतो, वाक्याच्या शेवटी आवाज खाली यायच्या ऐवजी वर जातो. माणूस तोच, शब्द त्याचेच, पण हेल परका वाटतो. आणि ऐकणाऱ्याचे कान स्वस्थ बसत नाहीत. हा हेल कुठला, कुठला, करत ते आपल्या ओळखीतलं काहीतरी शोधून त्याला चिकटवतात. शैलजाबाईंचा आवाज शब्दाच्या शेवटी लांबायचा, नाकात जरा गुंजायचा. त्या घराच्या कानांच्या लेखी तशी बोलणारी एकच बाई होती.

माई कोकणातून लग्न होऊन बडोद्याला आल्या, सगळा जन्म इथे काढला, आणि गुजरातीचा एक शब्द जिभेला लावून घेतला नाही. दूधवाला, भाजीवाला, शिंपी, सगळे त्यांच्यापायी मराठी शिकले. सून आली ती घडियाळी पोळात, जुन्या बडोद्याच्या गल्लीत वाढलेली, गुजराती माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवणारी. शैलजाबाईंचं मराठी आपलं इथलं बडोद्याचं. जेवून घे ने, दरवाजा बंध कर, चालेल, वांधा नाही. माईंना ते खपायचं नाही. वाक्य अर्ध्यात तोडून सुधारायच्या, पाहुण्यांसमोरसुद्धा. गुजराती हेल माझ्या घरात नको म्हणायच्या. मग सून हळूहळू घरात कमी बोलायला लागली. हे मला सुमनताईंनी सांगितलं, तेही कौतुकाने. आमची वहिनी फार शांत हो, म्हणाल्या.

ज्या बाईने जन्मभर हिचं बोलणं तोडलं, तीच आता हिच्या तोंडातून बोलते, असं घराने ठरवलं होतं. मला हसावं की रडावं कळेना.

मी समजावलं. मेंदूचं चित्र काढून दाखवलं. तर सुमनताई करजणहून मुद्दाम पुरावा घेऊन आल्या. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं जुनं शूटिंग मोबाइलवर उतरवून घेतलेलं. त्यात माई खुर्चीत बसून कुणाला तरी म्हणतात, आहेर तिकडे ठेवा, इथे गर्दी करू नका. एवढंच. मी दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा कान लावून ऐकलं. जन्मभर कानांवर पोट भरलेली बाई मी. शपथेवर सांगते, त्या आवाजाचा आणि शैलजाबाईंच्या आवाजाचा काहीही संबंध नव्हता. माईंचा आवाज जाड, घाईचा, वाक्य संपताना खाली पडणारा. हिचा बारीक आणि शेवटी वर जाणारा. मी तसं म्हटलं. बहीणभाऊ माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. अरविंदराव म्हणाले, ताई, तुम्ही माईंना प्रत्यक्ष ऐकलं नाहीत ना.

मी शैलजाबाईंकडे वळले. म्हटलं, तुम्ही सांगा ह्यांना. त्या मान खाली घालून बसल्या होत्या.

"मलाही त्याच ऐकू येतात," त्या म्हणाल्या.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आजवर कुणापुढे कबूल केलं नव्हतं, आता करते. भाजीवाली ओरडली तेव्हा नाही आला, ह्या बाईच्या ह्या एका वाक्याने आला. कारण आपला आवाज आपल्याला आतूनही ऐकू येतो, हाडांमधून. तो आतला आवाजही त्यांना सासूचा वाटत होता.

मग मी ठरवलं की ह्यांचा पूर्वीचा हेल परत आणायचा. त्यासाठी पूर्वीचा आवाज ऐकायला हवा, निशाण असल्याशिवाय नेम कुठे धरणार? मी अरविंदरावांना म्हटलं, हिच्या आवाजाचं काहीही आणा. लग्न, मुंज, वाढदिवस, फोनवरचा निरोप, काहीही चालेल. ते शोधायला गेले आणि आठवडाभराने रिकाम्या हाताने आले. नव्हतं काही. सगळ्या शूटिंगमध्ये शैलजाबाई होत्या, कुठे हातात ताटं, कुठे पाण्याचे पेले, कुठे कुणाचं मूल कडेवर. तोंड उघडलेलं कुठेच नाही. माझा असा संताप झाला म्हणून सांगू! तुमच्या बायकोचा आवाज तुमच्यापाशी नाही, आईचा मात्र आहे, असं मी तोंडावर म्हटलं.  त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसत राहिले.

घरात गोष्टी पुढे सरकत होत्या. फिरायला निघताना ते पूर्वी 'येतो गं' म्हणायचे, आता दारात घुटमळून 'येतो, माई' म्हणायला लागले. बाहेरून आणलेली फळं आधी बायकोसमोर ठेवायची, मग आपण घ्यायची. सुमनताई आल्या की वहिनीच्या समोर बसून आपल्या जावांची गाऱ्हाणी सांगायच्या आणि म्हणायच्या, बोला ना काहीतरी. काय बोला हे महत्त्वाचं नव्हतं. शैलजाबाई नुसतं 'वरण उतू जातंय' म्हणाल्या तरी सुमनताईंचे डोळे भरायचे.

एक दिवस शैलजाबाई माझ्यासमोर बसल्या आणि एकेक शब्द ओढून काढत म्हणाल्या, बेन, काल हे माझ्या पाया पडले. मी पाय ओढून घेतले. तर म्हणाले, राहू दे गं, तो नमस्कार तुला नव्हता.

 मी पाण्याचा पेला पुढे केला. त्या म्हणाल्या, "मी बोलले की त्या घरात मी उरत नाही." त्यानंतर त्यांनी घरी बोलणंच सोडलं. मोठ्या कष्टाने परत मिळवलेली वाचा, आणि बाई दिवसच्या दिवस ओठ मिटून. माझ्यासारखीला ह्याच्यापेक्षा मोठी हार नाही. बोलणं जितकं वापरात राहील तितकं बरं होतं, बंद ठेवलं की आलेलंही जातं. मला दिसत होतं की अशीच गप्प राहिली तर ही बाई पुन्हा मुकी होणार, आणि ह्या वेळी झटक्याशिवाय.

मी अरविंदरावांना बोलावून सरळ सुनावलं. बायको जिवंत आहे तुमची, तिला मेलेल्या माणसाच्या नावाने हाक मारू नका. ते शांतपणे ऐकून घेत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, ताई, तुमची आई आहे का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग?

मी केसपेपर पुढे ओढला आणि त्यांना पुढची तारीख लिहून दिली.

पितृपक्ष आला. अरविंदरावांनी गुरुजींना फोन करून विचारलं की माईंचं श्राद्ध ह्या वर्षी करावं की नाही. गुरुजी बुचकळ्यात पडले. का, सुतक आहे का, म्हणाले. हे म्हणाले, नाही, पण माई सध्या घरात असतात. गुरुजी जुने, घराण्याचे. त्यांनी म्हटलं, अरविंद, तू श्राद्ध कर. हे मला सुमनताईंनीच सांगितलं आणि जेवायचं आमंत्रणही त्यांनीच दिलं. शैलजाबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझा हात टेबलाखाली घट्ट दाबला, म्हणून मी हो म्हटलं. नाहीतर श्राद्धाच्या जेवणाला मी कशाला जाते? शिवाय आम्ही एक वाक्य घोटत होतो. मी शैलजा आहे. एवढंच. रोज, तालावर. ते त्यांना घरात म्हणायचं होतं आणि त्या वेळी मी समोर असायला हवी होते.

पाणीगेटजवळ तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. भर दुपार, खिडकीबाहेर स्कूटरांचे हॉर्न, आणि आत उदबत्तीचा कोंदट वास. गुरुजी विधी आटोपून, पुढच्या घरी जायचं म्हणून निघून गेले होते. पान मांडलेलं होतं, खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. अरविंदराव ते पान घेऊन गच्चीवर गेले, कठड्यावर ठेवलं आणि कावळ्याची वाट बघत उभे राहिले. सुमनताई आणि मी मागे, शैलजाबाई खालीच होत्या. कबुतरं पुष्कळ आली, कावळा नाही. बडोद्यात आता कावळे राहिलेत कुठे? पण हे त्या गच्चीत कुणाला पटलं असतं? सुमनताई हळूच म्हणाल्या, दादा, कावळा शिवेल कसा? ती वर आहेच कुठे?

अरविंदरावांनी बहिणीकडे बघितलं. मग पान उचललं, जिना उतरले, आणि ते शैलजाबाईंच्या पुढ्यात ठेवलं. त्या पाटावर बसल्या होत्या, सगळ्यांना वाढलं जायची वाट बघत. बहीणभाऊ हात जोडून समोर बसले.

पितरांचं पान जिवंत बाईच्या पुढे. मी तोंड उघडलं, पण शैलजाबाईंनी डोळ्यांनी मला थांबवलं. त्यांची बोटं मांडीवर ताल धरत होती. ओठ मिटले, उघडले, आणि वाक्य आलं, एकही अक्षर न अडखळता.

"मी शैलजा आहे."

इतकं स्वच्छ त्या कधीच म्हणाल्या नव्हत्या. आणि सुमनताईंना हुंदका फुटला. अगदी तस्सं, दादा, अगदी तस्सं, म्हणत त्यांनी डोकं पाटावर टेकलं. वाक्यात काय म्हटलं होतं ते त्या खोलीत कुणाला ऐकूच आलं नाही. अरविंदराव म्हणाले, घ्या ना माई, निवतंय.

शैलजाबाईंनी पानाकडे बघितलं. हात हलला. सांगते, तो हात खिरीच्या वाटीकडे निघाला होता. तो चेहरा मी ओळखत होते. हरलेल्या पेशंटचा असतो. आता म्हणाल तसं, असा.

तेवढ्यात बेल वाजली. दार उघडंच होतं. खालच्या मजल्यावरच्या बेन दारातूनच डोकावल्या आणि विचारलं, शैलजाबेन, पाणी आव्युं? आणि शैलजाबाई, मागे वळूनही न बघता, खिरीकडे हात तसाच ठेवून म्हणाल्या, आव्युं, आव्युं, मोटर चालु करी दो. त्या बेन 'सारुं' म्हणून गेल्या.

 अरविंदराव बायकोकडे असे बघत होते, जणू ती आत्ताच गावाहून आली. सुमनताईंचं रडणं थांबलं. माईंच्या तोंडी गुजराती कधी कुणी ऐकलंच नव्हतं. त्या भाषेत त्या कुणालाही सापडेनात. शैलजाबाईंनाही नाही. त्यांनी हात मागे घेतला आणि मग एकेक शब्द आखून, मुद्दाम, नवऱ्याच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या:

"हुं शैलजा छुं. माई नथी. आ थाळी हुं नहीं जमुं."

हे पान मी जेवणार नाही म्हटल्यावर अरविंदराव उठले. पान उचलून परत गच्चीवर नेलं. ते किती वेळ वर होते कुणास ठाऊक, खाली आले तेव्हा डोळे लाल होते आणि पान रिकामं होतं. कावळा शिवला की कबुतरांनी संपवलं, हे आम्ही विचारलं नाही. शैलजाबाईंनी सगळ्यांना वाढलं. मी दोन वडे जास्त खाल्ले. भीती वाटून गेली की मला फार भूक लागते.

मला विचाराल, तर तोच लांबणारा स्वर, तोच वर जाणारा शेवट, सगळं त्यांच्या गुजरातीतही जसंच्या तसं होतं. मेंदू तोच, आखणी तीच, भाषा बदलली म्हणून हेल कुठे जातो? कमी झाली ती फक्त ऐकणाऱ्यांची आठवण. एवढी साधी गोष्ट मला आधी का सुचली नाही, कोण जाणे. मराठी पेशंट, मराठीत शिकवायचं, ह्या आनंदात मी राहिले.

त्या दिवसापासून शैलजाबाई घरात गुजरातीच बोलतात. अरविंदरावांची सगळी नोकरी गुजरातीत गेलेली, त्यांना अडचण नाही. इतकी वर्षं मराठीत संसार केलेली ही दोघं आता एकमेकांना 'तमे', म्हणजे 'तुम्ही', म्हणतात, आणि मी गेले की मला जरा चोरट्यासारखं वाटतं. पण बाई बोलतात, भरपूर बोलतात. नवऱ्याला ओरडतात, खालच्या बेनशी भांडतात, सुमनताईंना तोंडावर सांगतात की आज नको येऊ. सुमनताई दुखावल्या. मला फोन करून म्हणाल्या, तुम्ही आमची माई दुसऱ्यांदा घालवलीत. मी काय उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

पण मराठी काही त्यांनी सोडलं नव्हतं. निवृत्तीनंतर त्या माझ्या घरी यायला लागल्या. म्हणाल्या, बेन, मला माझं मराठी पाहिजे, ते 'ने' वालं, पोळातलं. म्हणून आम्ही पुन्हा सुरुवात केली. मी वाक्यं द्यायची, त्यांनी घरी घोटायची. घोटायच्या त्या झोपायच्या खोलीत, दार लावून. नवऱ्यासमोर मराठी नाही म्हणजे नाही.

काही दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की दार लावलं की बाहेर अरविंदराव येऊन बसतात. दाराखालच्या फटीतून त्यांच्या पायांची सावली दिसायची. दार वाजवायचे नाहीत, बोलायचे नाहीत. नुसते बसायचे. बायकोचं घोटणं चालू असेतो बसायचे आणि कडी काढायचा आवाज आला की उठून जायचे. शैलजाबाईंनी त्यांना एका शब्दाने विचारलं नाही. मी म्हटलं, माझ्याकडे येऊन घोटा, हे बरं नाही. त्या म्हणाल्या, बसू दे. कुठे जातील?

गेल्या महिन्यात आल्या त्या दिवशी त्यांचं लक्ष लागेना. शेवटी मीच विचारलं, काय झालं? त्यांनी गुजरातीत सांगितलं. दोन दिवसांपूर्वी त्या अशाच दार लावून वाक्यं घोटत होत्या, भाजी आणली ने, पाऊस थांबला ने. फटीत सावली होती. आणि मध्येच एक वाक्य त्यांच्या तोंडून गेलं. कुठलं, म्हटलं. त्यांनी ते मला मराठीत म्हणून दाखवलं.

"अरविंद, जेवलास?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या बाईने नवऱ्याला कधी नावाने हाक मारलेली नाही, अरेतुरे तर सोडाच.  तिकडे बाहेरून दाराला कुणीतरी हात टेकल्यासारखं वाटलं आणि अरविंदरावांचा आवाज आला, "हो माई, जेवलो." सावली उठली. त्यानंतर ते दाराशी येऊन बसलेले नाहीत. दुपारी मस्त झोपतात, त्या म्हणाल्या. कितीतरी वर्षांनी झोपतात.

मी माझी खुर्ची जवळ ओढली. म्हटलं, शैलजाबाई, हे तुम्ही त्यांच्यासाठी मुद्दाम म्हणालात, की आपसूक निघून गेलं?



"खबर नथी, बेन," त्या म्हणाल्या, ठाऊक नाही म्हणून, आणि तोंड मिटून जीभ आतल्या आत सगळीकडे फिरवून पाहिली, घरात आणखी कुणी आहे का ते खोल्याखोल्यांतून बघून यावं तशी.